‘म्युरल’ म्हणजे नेमके काय, आणि कोकणातील भिंतीवर ते कसे करून घ्यावे

मालवण तालुक्यातील आमच्या गावच्या प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य असताना आम्ही एका ओळीचा ठराव केला होता: ‘शाळेच्या दर्शनी भिंतीवर म्युरल करून घ्यावे.’ ठराव एकमताने मंजूर झाला. मग तिघांकडून दरपत्रके मागवली, आणि जी तीन पत्रके आली ती तीन निरनिराळ्या कामांची होती. एकाने रंगवलेल्या चित्राचा दर दिला होता, दुसऱ्याने जाळी आणि सिमेंटच्या उठावकामाचा, आणि तिसऱ्याने बाहेर घडवून आणून भिंतीला बसवायच्या फायबरच्या फलकांचा. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांत इतके अंतर होते की कोणीतरी आपल्याला फसवू पाहतो आहे, असा सूर सभेत निघाला. प्रत्यक्षात कोणीच फसवत नव्हते. तिघांच्याही लेखी आपापले काम ‘म्युरल’च होते, आपण त्या शब्दाने काय मागितले आहे, हे ठाऊक नव्हते ते आम्हालाच.

ते काम पुरे व्हायला दोन पावसाळे गेले, आणि त्यांतील पहिल्या पावसाळ्यात रंगवलेल्या भिंतीचा निम्मा भाग पोपडे धरून खाली आला. शाळा, देऊळ, ग्रामपंचायत किंवा स्वतःचे घर यांच्या भिंतीवर असे काम प्रथमच करून घेणाऱ्यांना तो खर्च आणि तो मनस्ताप पुन्हा सोसावा लागू नये, म्हणून मी हे क्रमवार लिहिते आहे.

१. आधी शब्दाचा अर्थ ठरवा

लॅटिनमध्ये ‘मुरुस’ म्हणजे भिंत आणि ‘मुरालिस’ म्हणजे भिंतीचे, भिंतीसंबंधीचे. इंग्रजीतील ‘म्युरल’ हा शब्द त्यावरून आला आणि तो मुळात विशेषण आहे. ‘म्युरल पेंटिंग’ म्हणजे भिंतीवरचे चित्र. पुढे ‘पेंटिंग’ गळून पडले आणि विशेषणच नाम झाले, जसे आपण ‘मोबाइल फोन’मधला फोन सोडून नुसता ‘मोबाइल’ म्हणू लागलो. आपल्या किनाऱ्याला या शब्दाचे कूळ अगदी परके नाही. पोर्तुगीज भाषेत भिंतीला ‘मुरू’ आणि तटाला ‘मुराल्या’ म्हणतात. रेवदंड्याला आजही उभा असलेला पोर्तुगीज तट हा त्याच शब्दकुळाचा दगडी नमुना आहे.

विशेषण म्हणून हा शब्द आजही वापरात आहे, आणि तो नेहमीच चित्राशी जोडलेला असतो असे नाही. हृदयाच्या तपासणीच्या अहवालात ‘म्युरल थ्रॉम्बस’ असे शब्द आले तर त्याचा अर्थ हृदयाच्या किंवा रक्तवाहिनीच्या आतील भिंतीला चिकटलेली रक्ताची गुठळी असा होतो. विद्यापीठांच्या कारभारातील ‘एक्स्ट्राम्युरल’ म्हणजे भिंतींच्या बाहेरचे, आणि त्याला मराठीने ‘बहिःशाल’ असा फार नेमका शब्द घडवला. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल व्याख्यानांमुळे तो अनेकांच्या कानावरून गेलेला असतो. प्राचीन रोममध्ये शत्रूच्या तटावर सर्वांत आधी चढणाऱ्या सैनिकाला तटाच्या आकाराचा मुकुट देत, त्यालाही हेच विशेषण लागत असे. खगोलशास्त्रात भिंतीवर कायम बसवलेल्या कोनमापक यंत्रालाही ‘म्युरल’ म्हणतात, आणि जयपूरच्या जंतरमंतरमधील तशाच यंत्राचे नाव ‘दक्षिणोत्तर भित्तियंत्र’ असे आहे. इंग्रजी विशेषणाच्या जागी संस्कृतातील ‘भित्ति’ किती सहज बसते, ते या नावात दिसते.

म्हणूनच चित्रकलेतल्या म्युरलसाठी मराठीत ‘भित्तिचित्र’ हा शब्द रूढ झाला, आणि घोटाळाही तिथूनच सुरू होतो. इंग्रजीतील शब्द फक्त ‘भिंतीचे’ एवढेच सांगतो, त्या भिंतीवर काय आहे ते सांगत नाही. मराठी शब्द ‘चित्र’ असे सांगून मोकळा होतो. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र कुडाळ, कणकवली, रत्नागिरी या गावांत अंतर्गत सजावट करणारे कारागीर ‘म्युरल’ हा शब्द बहुधा उठावाच्या कामालाच वापरतात आणि रंगवलेल्या कामाला ‘वॉल पेंटिंग’ म्हणतात. कलाशाळेत शिकलेला चित्रकार दोन्हींना म्युरल म्हणतो, आणि त्याचेही चुकत नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी अमरनाथ सहगल यांनी केलेले सुप्रसिद्ध म्युरल ब्राँझचे होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. एफ. हुसेन यांचे म्युरल कॅनव्हासवर रंगवलेले आहे. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील १९३५ सालचे म्युरल निळ्या-पांढऱ्या टाइलांचे आहे. तिन्ही ठिकाणी साहित्य वेगळे असले तरी काम त्या वास्तूच्या भिंतीसाठी, तिच्या मापाने आणि तिच्या उजेडाचा विचार करून केलेले आहे. हे लक्षण धरून चालले की चौकटीत बसवून खिळ्याला टांगलेले चित्र कितीही मोठे असले तरी म्युरल का ठरत नाही, आणि छापून आणलेला फ्लेक्स भिंतभर लावला तरी त्याला हा शब्द का शोभत नाही, हे आपोआप कळते.

आणखी एक गैरसमज. जुन्या भिंतीवरच्या प्रत्येक चित्राला ‘फ्रेस्को’ म्हणण्याची सवय आपल्याकडे आहे. फ्रेस्को ही म्युरलची केवळ एक पद्धत आहे: चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग त्यावर लावायचा, म्हणजे चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होताना रंगाचे कण आपल्यात बांधून घेतो. अजिंठ्याची चित्रे या अर्थाने फ्रेस्को नाहीत. तिथे मातीच्या लेपावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर चिकट द्रवात कालवलेले रंग लावलेले आहेत. दरपत्रकात ‘फ्रेस्को’ असे लिहून देणाऱ्याला ‘ओल्या चुन्यावर रंगवणार का?’ एवढे विचारावे; उत्तरावरून माणूस समजतो.

तेव्हा ठरावात, पत्रात आणि करारात ‘म्युरल’ हा एकटा शब्द कधीही लिहू नका. रंगवलेले हवे असेल तर ‘रंगवलेले भित्तिचित्र’, उठावाचे हवे असेल तर ‘उठावाचे भित्तिशिल्प’, आणि टाइल किंवा काचेचे तुकडे बसवायचे असतील तर ‘जडावाचे भित्तिचित्र’ असे लिहा आणि कंसात साहित्य नमूद करा. आमच्या ठरावात हे शब्द असते तर पहिले चार महिने वाचले असते.

२. भिंत कोणाची आहे ते कागदावर पाहा

गावात सगळ्यांना ठाऊक असते की भिंत कोणाची, आणि म्हणूनच कागद कोणी पाहत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीसाठी व्यवस्थापन समितीचा ठराव आणि मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाला दिलेले पत्र ठेवावे. देवळासाठी देवस्थानच्या विश्वस्तांची लेखी संमती आवश्यक आहे, आणि कोकणात तिच्या जोडीला मानकऱ्यांशी बोलणेही तितकेच गरजेचे असते. रस्त्याकडेच्या कुंपणाच्या भिंतीची एक बाजू मालकाची आणि दुसरी बाजू सार्वजनिक दिसत असली, तरी संमती मालकाचीच लागते.

किल्ल्याचा तट, बुरूज किंवा संरक्षित देऊळ यांच्याकडे हौसेनेसुद्धा वळू नका. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे जलदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले आहेत. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाची नासधूस किंवा विद्रूपीकरण केल्यास १९५८ च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा परिसर बांधकामासाठी निषिद्ध आणि त्यापुढचा २०० मीटरचा पट्टा नियंत्रित असतो. त्यामुळे त्या परिसरात म्युरलसाठी नवी भिंत उभारण्याचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

जवळ ठेवायचे कागद असे: संमतीपत्र किंवा ठरावाची प्रत, भिंतीचे मोजमाप आणि चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे, मान्य झालेल्या रंगीत आराखड्याची सहीची प्रत, तुलनेसाठी किमान तीन दरपत्रके, आणि करार.

३. भिंतीची परीक्षा घ्या

माझ्या मते सारे काम याच पायरीवर ठरते, आणि सर्वांत जास्त घाई इथेच होते.

आमच्या भिंतीला गिलावा नवा केला होता. रंगकाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गवंड्याने भिंतीला तळहात लावला, तो तसाच काही वेळ दाबून धरला आणि मला म्हणाला, “वयनी, भिंतीक अजून वल आसा. आता रंग मारलात तर मिरगात सगळो सुटतलो.” वरून भिंत कोरडी दिसत होती, चित्रकार ठरलेल्या तारखेला येऊन दाखल झाला होता आणि पाहुणेही बोलावून झाले होते. आम्ही गवंड्याचे ऐकले नाही. मृग लागल्यावर पंधरा दिवसांत रंगाच्या आत पाण्याचे फुगे धरले. बोट लावले की पापुद्रा सुटे आणि त्याच्या आतल्या अंगाला मिठासारखी पांढरी भुकटी दिसे.

ती भुकटी म्हणजे क्षार. आपल्या घरांच्या भिंती बहुतेक जांभ्या चिऱ्याच्या असतात. जांभा सच्छिद्र असतो, तो जमिनीतले आणि पावसाचे पाणी शोषतो. ते पाणी बाहेर पडताना चिरा, सिमेंट आणि वाळू यांतील क्षार पृष्ठभागावर आणून सोडते. खाडीच्या वाळूचा गिलावा असेल आणि ती नीट धुतलेली नसेल तर हा त्रास कित्येक पटींनी वाढतो. शिवाय नवा सिमेंटचा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो आणि काही निळे, गुलाबी रंग त्यात अक्षरशः जळतात. म्हणून नव्या गिलाव्यावर निदान २८ दिवस काहीही लावू नये. तेवढे दिवस पाणी मारण्यात आणि प्राथमिक मजबुतीत जातात. त्यानंतर पुरते वाळण्यासाठी कोरड्या हवेचे आणखी काही आठवडे द्यावेत.

ओल तपासायची सोपी रीत आहे. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर हवाबंद चिकटवावा आणि रात्रभर ठेवावा. सकाळी आतल्या बाजूला दव जमले असेल किंवा त्याखालची भिंत काळपट झाली असेल, तर भिंत तयार नाही. हा तुकडा जोत्याजवळ, मध्यावर आणि वळचणीखाली अशा तीन ठिकाणी लावावा, कारण खालची ओल जमिनीची असते आणि वरची छपराची. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. छपराची ओल पन्हळ आणि कौले दुरुस्त केल्यावर जाते. जमिनीची ओल मात्र एखाद्या रंगाने थांबत नाही. भिंतीबाहेरचा उतार बदलून पाणी दूर काढावे लागते.

दिशाही पाहा. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, आणि दक्षिण-पश्चिमेकडे तोंड असलेल्या उघड्या भिंतीवर चार महिने झड बसते. पूर्वजांनी त्या बाजूला माडाची झापे बांधली, पडवी काढली. त्यामागे अनुभव होता. निवड हातात असेल तर पूर्वेची किंवा उत्तरेची, आणि शक्यतो पडवीखालची भिंत घ्यावी. जागा दर्शनी आहे म्हणून झडीची भिंत निवडणे हा सर्वांत महागात पडणारा हट्ट आहे.

४. पद्धत निवडा

इथे घाई करू नये असे मला मनापासून वाटते, कारण बाहेरून आणलेल्या नमुन्यांआधी आपल्या किनाऱ्याजवळच भिंतीवरची किती कामे आहेत ते पाहण्यासारखे आहे. सिंधुदुर्गात अनेक घरांत गणपतीच्या मागची भिंत दरवर्षी नव्याने रंगवली जाते. माटवीखालचा (गणपतीवर टांगून सजवलेल्या लाकडी चौकटीखालचा) तो पट म्हणजे घरातले भित्तिचित्रच असते, आणि ते काढणारा गावातलाच एखादा मुलगा असतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रे दाखवून कथा सांगण्याची जी चित्रकथी परंपरा आहे, तिच्यात कागदावर उभी राहिलेली रामायण-महाभारतातील पात्रे, त्यांचे मोठे डोळे आणि एका बाजूने दाखवलेले चेहरे, भिंतीच्या मापालाही उत्तम शोभतात. मात्र ती शैली वापरायची तर ठाकर समाजातील त्या कलावंतांकडूनच करून घ्यावी. पालघरच्या बाजूला वारल्यांच्या झोपडीत शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढतात. तो विधी आहे, केवळ नक्षी नव्हे, म्हणून शाळेच्या भिंतीवर वारली पद्धतीची शेती, नाच, तारपा हे वाद्य घ्यावेत आणि हा चौक सोडून द्यावा.

आणि कावी. गोव्यातील आणि कारवारकडच्या किनाऱ्यावरील देवळांत आढळणारी ही पद्धत आपल्या हवेची सर्वांत जाणती आहे असे मी म्हणेन. शिंपल्या भाजून केलेला चुना, धुतलेली वाळू आणि गूळ यांचे मिश्रण साधारण दोन आठवडे मुरवतात, कुटतात आणि जांभ्याच्या भिंतीवर त्याचा पांढरा थर देतात. त्यावर काव, म्हणजे लाल माती, घातलेला पातळ थर येतो. तो ओला असतानाच टोकदार लोखंडी हत्याराने रेषा कोरतात, आणि जिथे लाल खरवडले जाते तिथे खालचा पांढरा उजळतो. भिंतीवर चढवलेला असा वेगळा रंग इथे नसतोच. गिलावा हाच रंग असतो, म्हणून पोपडा सुटण्याचा प्रश्न फार कमी येतो. गोव्यातील मोरजीच्या मोरजाई मंदिरात हे काम जवळून पाहिले तर फुलाच्या पाकळीची कड किती धारदार राहिली आहे ते दिसते. नखाने चाचपले तर लाल आणि पांढऱ्यातली पातळ पायरी लागते. आज ही पद्धत येणारे कारागीर थोडे आहेत आणि त्यांच्या वेळेप्रमाणे थांबावे लागते. जिथे थांबता येईल तिथे अवश्य थांबावे.

बहुतेकांना अखेर बाहेरच्या भिंतीसाठी बनवलेला अॅक्रिलिक इमल्शन रंगच परवडतो, आणि तो नीट लावला तर वाईट नाही. डिस्टेंपर बाहेर लावू नये, एका पावसात धुपतो. तैलरंगही जांभ्यावर नको, कारण त्याची पातळ त्वचा भिंतीचा श्वास कोंडते. उठावाचे सिमेंटकाम करायचे असेल तर आतली जाळी गंजणार नाही अशी घ्यावी. समुद्राजवळ साधे लोखंड फुगते आणि वरचे सिमेंट फोडते. प्रत्येक खाचेतून पाणी खाली वाहून जाईल असा उतार मागावा, नाही तर त्या खाचांत शेवाळ वस्ती करते. फायबरच्या फलकांबद्दल एवढेच सांगते की ते आतल्या भिंतीवर ठीक आहेत.

५. लेखी करार करा

तोंडी बोलणी झाली की काम सुरू, ही आपली रीत आहे, आणि ओळखीच्या चित्रकाराला कागद पुढे करणे अवघड वाटते. तरीही करावे, कारण कराराने दोघांचेही रक्षण होते.

करारात कामाचा प्रकार (पहिल्या पायरीतील शब्दांत), चौरस फुटांतील क्षेत्रफळ, रंगाचा दर्जा, प्रायमरसह (रंगाआधी द्यायच्या लेपासह) किती हात, परांचीचा खर्च कोणाचा, पावसाने खाडा पडल्यास काय करायचे, हप्ते, आणि एका पावसाळ्यानंतरच्या डागडुजीची जबाबदारी एवढे मुद्दे असावेत. क्षेत्रफळ मोजताना आमच्यासारखी चूक करू नका. आमची भिंत २२ फूट लांब आणि ९ फूट उंच, म्हणजे १९८ चौरस फूट होती. तिच्यात ४ फूट बाय ३ फुटांच्या दोन खिडक्या होत्या, म्हणजे प्रत्यक्ष रंगवायचे क्षेत्र १७४. खिडक्या वजा करायच्या की नाहीत हे आधी ठरवले नाही तर शेवटच्या हप्त्याला वाद हमखास होतो.

दुसरा मुद्दा हक्कांचा. पैसे दिले म्हणजे चित्रावर आपला सर्व अधिकार झाला, असे नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५७ नुसार आपल्या कृतीचे श्रेय मिळण्याचा आणि तिची विटंबना झाल्यास दाद मागण्याचा हक्क कलाकाराकडे राहतो. वर उल्लेखिलेले सहगल यांचे ब्राँझचे म्युरल १९७९ मध्ये विज्ञान भवनाच्या भिंतीवरून उतरवले गेले आणि त्यात त्याची मोडतोड झाली. सहगल न्यायालयात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि कृतीचे उरलेले भाग परत करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. म्हणून करारात एक वाक्य जरूर घाला: भिंत पाडायची किंवा पुन्हा रंगवायची झाल्यास चित्रकाराला आगाऊ लेखी कळवले जाईल आणि त्याला कामाची छायाचित्रे घेण्याची संधी मिळेल. चित्रकाराचे नाव आणि साल कोपऱ्यात येईल, हेही त्यातच लिहावे. उलट बाजूने, चित्रकाराने दुसऱ्या कोणाचे चित्र इंटरनेटवरून जसेच्या तसे उचललेले नाही, अशी हमीही घ्यावी.

६. साहित्य गोळा करा

तारेचा ब्रश, खरवडायची पत्री आणि पॉलिश पेपर, अल्कली सोसणारा बाहेरच्या भिंतीचा प्रायमर, भेगांसाठी बाहेरची पुट्टी (आतल्या भिंतीची पुट्टी पावसात विरघळते, दुकानदाराला विचारून घ्या), इमल्शन रंग, दोन इंची आणि चार इंची ब्रश, बारीक रेषांसाठी गोल ब्रश, रोलर, ओळंबा, सूत, निळीची पूड, मीटर टेप, कोळशाच्या कांड्या, जुनी धोतरे किंवा चादरी जमीन झाकायला, आणि पक्की परांची. परांचीसाठी बांबू वापरत असाल तर बांधणी गवंड्याकडून करून घ्यावी, शाळेतली मुले त्याखालून जाणार नाहीत याची व्यवस्था करावी.

रंग निवडताना लोहयुक्त मातीच्या जातीचे रंग, म्हणजे काव, गेरू, पिवळी माती आणि त्यांच्या छटा, यांच्यावर चित्राचा मुख्य भार ठेवावा. ते उन्हात टिकतात. भडक गुलाबी, जांभळा आणि लिंबासारखा पिवळा हे दक्षिणेकडच्या भिंतीवरील उन्हात सर्वांत आधी उडतात.

७. चित्र भिंतीवर उतरवा

भिंत एक इंचाला एक फूट या मापाने कागदावर मांडा. फुल इम्पिरियल कागद २२ इंच बाय ३० इंच असतो, म्हणून आमची २२ फुटांची भिंत त्याच्या आखूड बाजूवर नेमकी बसली. कागदावर एक-एक इंचाच्या चौकटी आखायच्या आणि भिंतीवर एक-एक फुटाच्या. भिंतीवर आखताना जमिनीपासून मोजू नये, कारण कोकणात अंगण क्वचितच सपाट असते. ओळंब्याने एक उभी रेषा घ्यावी, पाण्याच्या नळीने पातळी घ्यावी, आणि निळीची पूड लावलेले सूत ताणून भिंतीवर आपटावे. मग प्रत्येक चौकटीतले चित्र तिच्या चौकटीत कोळशाने काढावे. हे काम मुलांना देता येते, आणि आमच्याकडे सातवीच्या मुलांनी ते अपेक्षेपेक्षा नीट केले.

वारंवार येणारी नक्षी असेल तर ती जाड कागदावर काढून रेषेवर सुईने छिद्रे पाडावीत, कागद भिंतीला धरून कापडाच्या पुरचुंडीतील कोळशाची पूड त्यावर थापावी. ठिपक्यांची रेषा उमटते.

तळाचे एक-दीड फूट मोकळे सोडून तिथे गेरूचा किंवा गडद रंगाचा सलग पट्टा द्या. जुन्या घरांच्या भिंतींना असा पट्टा असे. पागोळ्यांनी उडणारी लाल माती त्यात झाकून जाते. आम्ही पहिल्या वेळी चित्र थेट जोत्यापर्यंत नेले होते, आणि जुलैअखेर चित्रातल्या होडीचा तळ चिखलाच्या रंगाचा झाला होता.

८. रंगकामाचे दिवस

नोव्हेंबर ते मार्च हा काळ धरावा. दसऱ्यानंतर लगेच सुरुवात करण्याचा मोह होतो, पण ऑक्टोबरमध्ये भिंतीत पावसाळ्याची ओल शिल्लक असते आणि संध्याकाळची परतीची सर कधी येईल याचा नेम नसतो. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर रंग लावू नये. तो ब्रशखालीच वाळतो आणि जोड दिसतात. सकाळी दव पूर्ण उडाल्यावर सुरू करावे, सूर्य भिंतीवर आला की थांबावे.

क्रम असा: भिंत घासून धुणे, वाळवणे, भेगा भरणे, पुन्हा घासणे, प्रायमरचा एक हात, एक दिवस विश्रांती, पार्श्वभूमीचे दोन हात, मग आखणी, मोठे रंग, शेवटी रेषा. प्रायमरमध्ये दुकानदाराने सांगितले त्याहून जास्त पाणी घालून तो पुरवण्याची चाल सर्रास आहे. डबा तुमच्यासमोर उघडला जावा आणि पाणी मोजून पडावे.

९. पहिल्या पावसाळ्यानंतर

नवरात्राच्या सुमारास भिंत दिवसाच्या तिरप्या उजेडात बाजूने पाहावी. समोरून न दिसणारे फुगे बाजूने दिसतात. शेवाळ असेल तर मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने काढावे, तारेचा ब्रश लावू नये. पोपडा सुटला असेल तर त्यावरच रंग न मारता तो भाग गिलाव्यापर्यंत खरवडून, वाळवून, प्रायमरपासून पुन्हा करावा. प्रत्येक रंगाची थोडी शिल्लक बंद डब्यात, वर नाव आणि मिश्रणाचे प्रमाण लिहून शाळेच्या कपाटात ठेवावी, कारण वर्षानंतर तीच छटा दुकानातून मिळत नाही.

आमच्या भिंतीचा दुसरा प्रयत्न डिसेंबरमध्ये झाला, या वेळी गवंड्याने हात लावून होकार दिल्यावर. उजव्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव आणि साल आहे, आणि त्याखाली मुलांनी आपल्या अक्षरात लिहिले आहे: ‘रंगवलेले भित्तिचित्र.’